गच्चीवरचे मनोरे आणि न विचारलेली माणसं

कारमायकल रोड हा दक्षिण मुंबईतल्या जुन्या श्रीमंतीचा रस्ता. २०१० च्या सुमारास तिथल्या एका उंच इमारतीतल्या रहिवाशांच्या लक्षात आलं, की लागोपाठच्या काही मजल्यांवर कॅन्सरचे रुग्ण निघाले आहेत. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल कंपन्यांच्या अँटेना होत्या आणि त्या साधारण याच मजल्यांच्या उंचीवर, तोंड इकडे करून उभ्या होत्या. बातमी वृत्तपत्रांत आली. पाठोपाठ मलबार हिलवरच्या ‘सह्याद्री’ या सरकारी अतिथीगृहावरच्या अँटेनांबद्दल जवळच राहणाऱ्या अभिनेत्री जुही चावला यांनी तक्रार केली आणि ते प्रकरण सरकारदरबारी गेलं. मोबाइलच्या लहरींची भीती महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली ती या दोन रस्त्यांवरून. पुढची दहा-बारा वर्षं ती सोसायट्यांच्या सभांत, महापालिकेत, हायकोर्टात आणि शेवटी सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत फिरत राहिली.

मनोरा म्हटलं की डोळ्यांसमोर उंच लोखंडी सांगाडा येतो, पण शहरात तो बहुतेक ठिकाणी नसतोच. गच्चीच्या कठड्याशी तीन-चार लोखंडी खांब, त्यांना बांधलेल्या माणूसभर उंचीच्या, वीतभर रुंदीच्या पांढुरक्या चपट्या पेट्या, तीन दिशांना तोंड केलेल्या. त्यांतून निघालेल्या जाड काळ्या केबली पाण्याच्या टाकीला वळसा घालून पत्र्याच्या खोलीत शिरतात. खोलीत यंत्रसामग्री आणि ती थंड ठेवायला दिवसरात्र घरघरणारा एसी. वीज गेली की खाली डिझेल जनरेटर सुरू होतो. गच्चीच्या दाराला नवं कुलूप लागतं, किल्ली कंपनीच्या माणसाकडे. मुलांचे पतंग आणि बायकांची वाळवणं बंद. सोसायटीला दरमहा भाडं मिळतं, त्यातून लिफ्टची दुरुस्ती होते, रंगकाम निघतं. चेअरमन-सेक्रेटरींनी सही केलेली असते आणि पुष्कळ सभासदांना करार झाल्याचं कळतं ते केबली चढताना पाहून.

या पेट्यांची एक गोष्ट पुढच्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे. त्यांतून निघणारा झोत आडवा, फार तर किंचित खाली झुकलेला असतो. ज्या इमारतीवर त्या उभ्या आहेत तिच्या घरांत तो फारसा उतरत नाही. तो जातो समोर, त्याच उंचीवरच्या खिडक्यांकडे. म्हणजे भाडं एका इमारतीला आणि झोत दुसरीला. समोरच्या इमारतीला कुणी काही विचारलेलं नसतं, तिच्या नावाचा कागद कुठल्याच फाइलीत नसतो. या इतिहासात आजाराची भीती जेवढी होती, तेवढाच हा न विचारल्याचा राग होता असं मला वाटतं. सरकारने आणि कंपन्यांनी उत्तरं दिली ती फक्त भीतीला.

भारतात पहिला मोबाइल फोन वाजला ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना तो केला होता. सुरुवातीला बोलणाऱ्याचे पैसे पडायचे तसे ऐकणाऱ्याचेही पडायचे, त्यामुळे फोन बंगलेवाल्यांकडेच राहिला. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले आणि चित्र पालटलं. रिक्षावाले, भाजीवाले, प्लंबर, घरकामाला जाणाऱ्या बायका, सगळ्यांच्या हातात फोन आला. मार्च २०१० अखेर देशात मोबाइल जोडण्यांची संख्या ५८ कोटींवर गेली होती. एवढ्यांचं बोलणं वाहून न्यायला अँटेना लागणारच. त्या दाट वस्तीत लागणार, आणि त्याही कुणा एका कंपनीच्या नव्हे, तर सात-आठ कंपन्यांच्या, चढाओढीने. परवानग्यांचा वेग या वेगाला पुरा पडला नाही. मुंबईतल्या कितीतरी अँटेना महापालिकेच्या लेखी अनधिकृतच होत्या.

अशा वेळी पवईच्या आयआयटीतून एक आवाज उठला. प्राध्यापक गिरीश कुमार विद्युत अभियांत्रिकी विभागात अँटेनाच शिकवत. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी मनोऱ्यांच्या प्रारणांवर एक अहवाल दूरसंचार खात्याला दिला. विविध देशांतले अभ्यास गोळा करून त्यांनी म्हटलं, की भारताने स्वीकारलेली मर्यादा लोकांचं रक्षण करायला पुरेशी नाही. ती मर्यादा २००८ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांवरून घेतलेली होती. ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींना दर चौरस मीटरला ४.५ वॅट, १८०० मेगाहर्ट्‌झला सुमारे ९ वॅट.

हे आकडे कोरडे वाटतात, पण कागद-पेन्सिल घेतली तर त्यांतून गल्ली दिसू लागते. एका वाहिनीवर २० वॅट सोडले जातात आणि अँटेना ते एका दिशेला ५० पट एकवटते असं धरा. झोताच्या ऐन तोंडावर १० मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ०.८ वॅट येतात, २० मीटरवर ०.२, ५० मीटरवर जेमतेम ०.०३. अंतर दुप्पट झालं की जोर एक चतुर्थांश. तेव्हाची ४.५ ची मर्यादा ओलांडायला माणसाला अँटेनाच्या तोंडासमोर चार मीटरच्या आत उभं राहावं लागलं असतं, आणि तिथे तर हवाच असते. म्हणून ‘आमचे सगळे मनोरे नियमात आहेत’ हे कंपन्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. मर्यादाच अशी होती की ती मोडणं अवघड. गिरीश कुमारांनी काढलेल्या साऱ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही. त्यांनी जमवलेल्या अभ्यासांत काही फार तकलादू होते. पण हा हिशेब लोकांसमोर मांडणारा, सभांतून फळ्यावर आकडे लिहून दाखवणारा जाणता माणूस तेव्हा त्यांच्याशिवाय फारसा कुणी नव्हता. ज्या खात्याने हे समजावून सांगायचं त्याच्या शब्दाला तर त्या दिवसांत किंमतच उरली नव्हती. अहवाल दिल्लीत पोहोचण्याच्या जेमतेम महिनाभर आधी टू-जी घोटाळ्यावरून दूरसंचार मंत्री ए. राजा यांनी राजीनामा दिला होता आणि ‘कॅग’चा १ लाख ७६ हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. त्या खात्याने ‘धोका नाही’ म्हणावं आणि लोकांनी मान डोलवावी, हे होणार नव्हतं.

ही भीती मूळची इथली नव्हे. जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका माणसाने लॅरी किंग यांच्या टीव्ही कार्यक्रमात येऊन सांगितलं, की आपली बायको मेंदूतल्या गाठीने गेली आणि ती गाठ ती जिथे फोन धरायची त्याच बाजूला होती. मोटोरोलाचे शेअर घसरले. त्याचा दावा कोर्टाने पुराव्याअभावी फेटाळला, पण संशोधनाची दारं त्याने उघडली. १३ देशांनी मिळून केलेल्या ‘इंटरफोन’ अभ्यासाचे निष्कर्ष मे २०१० मध्ये आले. एकूण वापरकर्त्यांत मेंदूच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. फक्त सर्वांत जास्त बोलणाऱ्या गटात, म्हणजे आयुष्यात १६४० तासांहून अधिक फोन कानाला लावलेल्यांत, ‘ग्लायोमा’ या गाठीचं प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त आढळलं. तेही कितपत खरं, यावर लगेच वाद झाला. डोक्यात गाठ निघालेल्या माणसाला दहा वर्षांपूर्वी आपण किती वेळ फोनवर बोलायचो हे विचारलं तर त्याचं उत्तर त्याच्या दुःखातूनच येणार.

या धाग्यावरून ३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फ्रान्समधल्या ल्योन शहरात निर्णय जाहीर केला. १४ देशांतल्या ३१ शास्त्रज्ञांनी बसून मोबाइलच्या लहरी ‘२ ब’ गटात टाकल्या: कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे, पुरावा मर्यादित आहे. त्याच निवेदनात असंही होतं, की मर्यादित का होईना, जो पुरावा आहे तो कानाला लावलेल्या फोनबद्दलचा. सभोवतालच्या लहरींबद्दल, म्हणजे मनोऱ्यांबद्दल, निष्कर्ष काढण्याजोगा पुरावाच नाही. बातमीत हा दुसरा भाग बहुतेक ठिकाणी गळला. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांपर्यंत पोहोचलं ते एवढंच, की आता ‘डब्ल्यूएचओ’नेही मान्य केलं. त्या वर्षीचं वारंही तसंच होतं. मार्चमध्ये फुकुशिमा घडलं होतं आणि एप्रिलमध्ये जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला होता. अणुभट्टीतून निघणाऱ्या किरणांत आणि मोबाइलच्या लहरींत फार मोठं अंतर आहे. अणूतून इलेक्ट्रॉन उखडून डीएनएला इजा करायला जी ऊर्जा लागते, तिच्याहून मोबाइलच्या लहरींच्या एका कणातली ऊर्जा लाखो पटींनी कमी असते. त्या शरीर किंचित तापवू शकतात, आणि सगळ्या मर्यादा त्या तापण्याच्याच हिशेबाने आखलेल्या आहेत. पण हे अंतर शांतपणे सांगायला शाळा, आकाशवाणी, महापालिकेचे दवाखाने यांतलं काहीच सरकारने वापरलं नाही.

मग कारमायकल रोडवरच्या त्या मजल्यांचं काय? यावर घाईने ‘योगायोग’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, जरी शब्द बहुधा बरोबर असला तरी. देशाच्या कर्करोग नोंदणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात नऊ माणसांत एकाला आयुष्यात केव्हातरी कॅन्सर होतो. मुंबईत हजारो उंच इमारती आहेत, त्यांत वय झालेली माणसं राहतात. तेव्हा कुठल्या तरी इमारतीत लागोपाठच्या तीन-चार मजल्यांवर रुग्ण निघणारच. ज्या इमारतींत असं झालं आणि समोर अँटेना नव्हती, त्यांची बातमी झाली नाही. शिवाय अशा समूहांत बहुधा वेगवेगळ्या अवयवांचे कॅन्सर असतात. त्यांची कारणं वेगळी आणि कारण घडल्यापासून गाठ दिसेपर्यंत अनेकदा दहा-वीस वर्षं जातात. हे सगळं खरं. पण ते त्या घरांत जाऊन, रुग्णांच्या फाइली उघडून, खिडकीत मीटर धरून सांगायचं असतं. भारतातली सर्वांत जुनी लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईतच, १९६३ मध्ये सुरू झाली. माणसं होती, कागद होते, शहाणपण होतं. त्यांतलं काही त्या जिन्यावर चढलं असतं तर अर्धी भीती तिथेच निवळली असती.

दिल्लीत हालचाल झाली नाही असं नाही. ऑगस्ट २०१० मध्येच दूरसंचार, आरोग्य संशोधन, जैवतंत्रज्ञान आणि पर्यावरण या खात्यांच्या अधिकाऱ्यांची एक समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशींवरून १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांची मर्यादा एकदम एक दशांशावर आणण्यात आली: ४.५ चे ०.४५ झाले. दूरसंचार राज्यमंत्री तेव्हा मिलिंद देवरा होते आणि कारमायकल रोड, मलबार हिल हे त्यांच्याच लोकसभा मतदारसंघात येत. मघाचा हिशेब आता पुन्हा करा. एकाच अँटेनाच्या तोंडासमोर १३ मीटरपर्यंतची जागा मर्यादेबाहेर जाते आणि चार झोत एकत्र आले तर २७ मीटरपर्यंतची. खात्याने सुरक्षित अंतरांचं कोष्टकही काढलं. समोरच्या इमारतीपासून एका अँटेनाला २० मीटर, दोनला ३५, चारला ४५, बाराला ७५. गिरगावात, दादरला, पुण्याच्या सदाशिव पेठेत समोरासमोरच्या दोन इमारतींत ४५ मीटर अंतर शोधून दाखवा! मर्यादा मोडणाऱ्या कंपनीला दर मनोऱ्यामागे आधी ५ लाख आणि पुढे १० लाख रुपये दंड ठरला.

फोनसाठीही कडक मापं आली. शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा दर किलोमागे २ वॅटवरून १.६ वॅट झाली आणि तीही १० ग्रॅमऐवजी १ ग्रॅम ऊतीवर मोजायची. हे मोजतात ते पाहण्यासारखं असतं. प्रयोगशाळेत माणसाच्या डोक्याच्या आकाराचं प्लास्टिकचं पोकळ कवच आडवं ठेवलेलं असतं. त्यात मेंदूइतकीच वीज वाहून नेणारा, पाणी-मीठ-साखरेच्या पाकासारखा द्रव भरलेला. कवचाच्या कानाशी फोन पूर्ण जोरावर चालू ठेवतात आणि यंत्रमानवाचा हात एक बारीक शलाका त्या द्रवात बोट-बोट अंतरावर फिरवत आतलं विद्युतक्षेत्र टिपत जातो. ते डोकं अमेरिकी सैन्यातल्या धिप्पाड पुरुषांच्या मापांवरून घेतलेलं आहे. मुलांच्या डोक्याचं काय, हा पालकांचा प्रश्न मला तेव्हाही रास्त वाटला होता, आजही वाटतो. आपल्या फोनचा आकडा पाहायचा असेल तर बहुतेक फोनवर *#०७# दाबलं की तो दिसतो.

एक दशांशाच्या या निर्णयाने लोक निश्चिंत व्हायला हवे होते. झालं उलटं. ‘धोका नव्हता तर दहा पटींनी कमी का केलं?’ हा प्रश्न सोसायट्यांच्या सभांत उभा राहिला आणि त्याचं उत्तर कुणी नीट दिलं नाही. वैज्ञानिक पुरावा नसताना केवळ सावधगिरी म्हणून एवढी कपात केली, हे सरकारने उघडपणे सांगायला हवं होतं. त्यात काही कमीपणा नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजस्थान हायकोर्टाने शाळा, रुग्णालयं आणि खेळाच्या मैदानांवरचे मनोरे हटवण्याचा आदेश दिला. २०१३ मध्ये मुंबई महापालिकेनेही धोरण आखलं. शाळा, रुग्णालयं यांसारख्या इमारतींवर अँटेना नकोत. सोसायटीत लावायची तर ७० टक्के सभासदांची संमती हवी आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची तर हवीच. धोरण चांगल्या मनाने केलेलं होतं, यात शंका नाही. पण पाहा, संमती कुणाची मागितली? ज्यांच्या डोक्यावर अँटेना आहे त्यांची. झोत ज्यांच्या खिडकीत जातो त्या समोरच्यांना याही कागदात जागा नव्हती.

या साऱ्यात चिमणीही आली. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला, आणि शहरांतून चिमण्या का गेल्या या प्रश्नाला मोबाइल मनोरे हे उत्तर लोकांना पटकन पटलं. पर्यावरण मंत्रालयाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संचालक असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने पक्षी आणि मधमाश्यांवरचे शेकडो शोधनिबंध चाळून काळजी घ्या असं सांगितलं. ऑगस्ट २०१२ मध्ये मंत्रालयाने एका मनोऱ्यापासून किलोमीटरभरात दुसरा नको, असा सल्लाही दिला. शहरात तो पाळणं शक्यच नव्हतं. पुढे २०२० साली देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून निघालेल्या अहवालात दिसलं, की चिमण्या मोठ्या शहरांत घटल्या असल्या तरी देशभरात त्यांची संख्या साधारण टिकून आहे. मनोरे तर तोवर खेडोपाडी गेले होते. वळचणी गेल्या, वाडे पाडले, पिल्लांना भरवायचे किडे औषध फवारणीने संपले. हा आळ मनोऱ्यावर घालणं सोपं गेलं, कारण मनोरा दिसतो.

मग ग्वाल्हेर. शिंद्यांच्या या शहरातल्या दालबाजार भागात घरकाम करणाऱ्या एका माणसाला लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर झाला. तो जिथे काम करायचा त्या घरापासून पन्नास मीटरच्या आत शेजारच्या घरावर २००२ पासून बीएसएनएलचा मनोरा होता. याच्या लहरी चौदा वर्षं दिवसरात्र अंगावर घेतल्याने आपण आजारी पडलो, असं म्हणत तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. २८ मार्च २०१७ रोजी न्यायमूर्ती रंजन गोगोई आणि नवीन सिन्हा यांच्या खंडपीठाने तो मनोरा सात दिवसांत बंद करण्याचा आदेश दिला. एका गरीब माणसाच्या अर्जावर मोबाइलचा मनोरा बंद झाला, म्हणून देशभर बातमी गाजली. पण मनोऱ्यामुळे कॅन्सर होतो असा निष्कर्ष त्या आदेशात नव्हता. कोर्टाने एका माणसापुरता दिलासा दिला होता. याच प्रकरणात दूरसंचार खात्याने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं होतं, की देशातल्या १२ लाखांहून अधिक मनोऱ्यांपैकी ३ लाख ३० हजार तपासले आणि त्यांतले फक्त २१२ मर्यादेबाहेर सापडले. हा आकडा दिलासा देणारा आहे. तो मिळाला मात्र आजारी माणसाने सुप्रीम कोर्टाची पायरी चढल्यावर.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण चळवळीतल्या माणसांनीही ती फारशी सांगितली नाही. तुमच्या शरीरात सर्वांत जास्त लहरी जातात त्या समोरच्या गच्चीवरून येत नाहीत, हातातल्या फोनमधून येतात. जुन्या जीएसएम फोनचा कमाल जोर २ वॅट. सिग्नल चांगला असला की तो आपोआप काही मिलिवॅटपर्यंत उतरतो, सिग्नल क्षीण झाला की पुन्हा चढतो. मनोरा दूर नेला की फोन कानाशी जास्त ओरडतो. मलबार हिलवर अँटेनांना विरोध झाला आणि मग त्याच भागात कॉल तुटण्याच्या तक्रारीही आल्या, तेव्हा हा पेच उघड दिसला. मुलांनी फोन कानाला कमी लावावा, सिग्नल नसलेल्या लिफ्टमध्ये बोलत राहू नये, इअरफोन वापरावा, हा साधा सल्ला मनोऱ्याविरुद्धच्या कुठल्याही मोर्च्याहून अधिक उपयोगाचा होता.

२०२१ हे साल फार वाईट होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माणसं प्राणवायूवाचून मरत होती आणि उत्तरेकडच्या गावांत अफवा पसरली, की फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळेच हे मृत्यू होत आहेत. १० मे रोजी दूरसंचार खात्याला खुलासा करावा लागला, की देशात कुठेही फाइव्ह-जीची चाचणी सुरूच झालेली नाही. पुढच्याच महिन्यात, ४ जूनला, फाइव्ह-जीविरुद्धचा जुही चावला यांचा दावा दिल्ली हायकोर्टाने फेटाळला आणि २० लाखांचा दंड ठोठावला. दंड पुढे २ लाखांवर आला. ऑनलाइन सुनावणीत कुणीतरी त्यांच्या सिनेमातली गाणी म्हटली आणि बातमी त्या गाण्यांचीच झाली. दहा वर्षांपूर्वी ‘सह्याद्री’समोर उभा राहिलेला प्रश्न या गोंगाटात थट्टेचा विषय झाला, याचं मला वाईट वाटतं. त्या दाव्याची मांडणी कच्ची होती. पण फाइव्ह-जीच्या लहरी मर्यादेत आहेत की नाहीत, हे कुणी, कधी, कुठे मोजणार आणि लोकांना कसं सांगणार, हा प्रश्न कच्चा नव्हता.

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या चिकुर्डे गावात एका कंपनीला मनोरा उभारायचा होता. गावकऱ्यांनी तक्रार केली, की याच्या लहरींनी कॅन्सर होईल. ग्रामपंचायतीने काम थांबवण्याचा ठराव केला. कंपनी मुंबई हायकोर्टात गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती सुनील शुक्रे आणि एम. डब्ल्यू. चांदवानी यांच्या खंडपीठाने ठराव रद्द केला. लहरींमुळे आरोग्याला अपाय होतो असं दाखवणारा शास्त्रीय पुरावा नाही, तेव्हा नुसत्या धास्तीवर मनोरा अडवता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. कायद्याने निकाल बरोबर होता, विज्ञानाच्या अंगानेही. पण तो वाचताना मला राहून राहून वाटलं, गावाला ‘हा आमच्या गावात कुठे उभा राहावा हे आम्हाला विचारा’ एवढंच म्हणायचं असलं, तरी ते म्हणायला कायद्यात जागा कुठे होती? कॅन्सरची भीती हीच काय ती कोर्टाच्या कानावर जाऊ शकणारी भाषा होती. ती वापरली, आणि पुराव्याच्या कसोटीवर ती टिकली नाही.

त्याआधी दोन महिने केंद्र सरकारने नियम बदलले होते. खासगी जागेवर मनोरा उभारायचा तर जागामालकाशी करार पुरे, स्थानिक प्रशासनाची वेगळी परवानगी नको; इमारतीच्या मजबुतीच्या दाखल्यासह आधी लेखी कळवायचं, एवढंच. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर फाइव्ह-जीच्या छोट्या पेट्या लावायलाही वाट मोकळी झाली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तर जागामालकानेच नकार दिला तरी सार्वजनिक हिताचं कारण देऊन पुढे जाण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला.

मोजमापाची एक सोय मात्र मे २०१७ पासून आहे. ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या भागातला मनोरा शोधता येतो आणि ४००० रुपये भरले तर खात्याची माणसं घरी येऊन मापन करून देतात. मलबार हिलवरच्या फ्लॅटला जो दर, तोच जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीसारख्या तहसिलीच्या गावातल्या घराला. मझौलीतल्या मजुराने मापनासाठी महिन्याच्या कमाईतला एवढा मोठा तुकडा काढावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. हे मापन फुकट हवं आणि दर मनोऱ्याखाली त्याचा ताजा आकडा मोठ्या अक्षरांत लावलेला हवा.

विज्ञानही या काळात पुढे गेलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने जाहीर केलं, की दोन वर्षं रोज नऊ तास जोरदार लहरींत ठेवलेल्या नर उंदरांच्या हृदयात काही गाठी आढळल्या. माद्यांत असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही, आणि लहरींत ठेवलेले नर न ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगले. दुसरीकडे डेन्मार्कमध्ये साडेतीन लाखांहून अधिक मोबाइलधारकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, ब्रिटनमध्ये पावणेआठ लाख बायकांचा. मेंदूच्या गाठी वाढल्याचं दिसलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ मधल्या ६३ अभ्यासांची त्यात छाननी होती, आणि फोनचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध दिसत नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. ल्योनच्या संस्थेच्या सल्लागार गटाने मात्र त्याच वर्षी २०११ च्या वर्गवारीचा फेरविचार प्राधान्याने करावा, असं सुचवलं. ‘२ ब’चा तो शिक्का अजून पुसलेला नाही, आणि भारतात मनोऱ्यांच्या लहरींसाठी १ सप्टेंबर २०१२ ला आलेली एक दशांशाची मर्यादा सैल करावी, अशी कंपन्यांची मागणी आहे.